दहावा दिवस, सातवा महिना

बायबलमधील दानीएलाच्या ग्रंथात, आठव्या अध्यायात, एक स्वर्गीय दूत दुसऱ्याला विचारतो की हे सारे कुठवर चालणार. उत्तर आकड्यात मिळते. दोन हजार तीनशे संध्याकाळ-सकाळ उलटतील आणि मग पवित्रस्थान पूर्ववत होईल. वचन एवढेच आहे. त्यात कुठल्या राजाचे नाव नाही, कुठले साल नाही. तरीही १८४४ च्या पानगळीत अमेरिकेच्या ईशान्य भागात या एका आकड्यापायी हजारो माणसांनी दुकाने बंद केली, जुनी देणी फेडली, दुखावलेल्या शेजाऱ्यांची दारे ठोठावून क्षमा मागितली. मंगळवार, २२ ऑक्टोबर रोजी येशू ख्रिस्त परत येणार याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती.

या माणसांची गोष्ट बहुधा टवाळीच्या सुरात सांगितली जाते. पांढरे झगे घालून टेकड्यांवर आणि छपरांवर चढलेली वेडी मंडळी, असे त्यांचे चित्र शंभर वर्षे छापले जात होते. फ्रान्सिस निकोल यांनी १९४४ मध्ये जुनी वर्तमानपत्रे आणि पत्रव्यवहार चाळून त्या झग्यांना आधार नसल्याचे दाखवले. निकोल स्वतः याच चळवळीतून निघालेल्या ॲडव्हेंटिस्ट चर्चचे होते, त्यामुळे त्यांचा कल उघड होता. पण पुढच्या तटस्थ अभ्यासकांनीही झग्यांची कथा अफवाच मानली. मला ही टवाळी दोन कारणांनी खुपते. एक तर ती खोटी आहे. दुसरे, ती आपल्याला विचार करण्यापासून वाचवते. ज्या वाटेने ही माणसे २२ ऑक्टोबरपर्यंत पोचली त्या वाटेवरची जवळजवळ प्रत्येक पायरी आधीच्या मोठमोठ्या विद्वानांनी घातलेली होती.

विल्यम मिलर हे न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटनचे शेतकरी. जन्म १७८२ चा. सोळा भावंडांत थोरले. शाळा थोडी, वाचन अफाट. तरुणपणी व्हॉल्टेअर, ह्यूम, टॉमस पेन वाचून त्यांचा बायबलवरचा विश्वास उडाला. देव असेल, पण तो माणसांच्या व्यवहारात हात घालत नाही, असे त्यांचे मत बनले. १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध सुरू झाले, मिलर सैन्यात कॅप्टन झाले आणि १८१४ च्या सप्टेंबरात प्लॅट्सबर्गच्या लढाईत होते. संख्येने बऱ्याच मोठ्या ब्रिटिश सैन्याला तिथे माघार घ्यावी लागली. आसपास माणसे मरत असताना आपण वाचलो आणि हरायची लढाई जिंकलो, हे त्यांच्या जुन्या मतात बसेना. मेल्यावर पुढे काही नाही हा विचारही सोसवेना. १८१६ मध्ये ते पुन्हा श्रद्धेकडे वळले.

जुन्या मित्रांनी साहजिकच त्यांना घेरले. ज्या ग्रंथातल्या विसंगती तूच दाखवत होतास, त्यावर आता विश्वास कसा ठेवतोस? मिलर यांनी हे आव्हान मनापासून घेतले. सगळी भाष्ये बाजूला ठेवली आणि बायबल व क्रुडनची शब्दसूची एवढीच दोन पुस्तके समोर ठेवून उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून वाचायला सुरुवात केली. एखादे वचन अडले की त्यातला मुख्य शब्द सूचीत काढायचा, तो जिथे जिथे आला आहे ती सगळी वचने शेजारी ठेवायची, आणि अर्थ लागल्याखेरीज पुढे जायचे नाही. ही शिस्त त्यांनी दोन वर्षे पाळली. प्रत्येक वाचकाने ग्रंथ स्वतः वाचावा, ग्रंथच ग्रंथाचा अर्थ सांगेल, ही प्रोटेस्टंट शिकवण त्यांनी अक्षरशः आचरणात आणली. तिची ताकद आणि तिचा धोका हे दोन्ही त्या दोन वर्षांत दिसतात.

आता हिशेब पाहू. गणनेच्या पुस्तकात इस्राएल लोकांना चाळीस दिवसांच्या हेरगिरीबद्दल चाळीस वर्षांची शिक्षा मिळते, एका दिवसाला एक वर्ष. यहेज्केल संदेष्ट्यालाही एका वर्षासाठी एक दिवस याच मापाने कुशीवर पडून राहायची आज्ञा होते. या दोन उताऱ्यांवरून असा नियम काढला गेला की भविष्यवाणीतला दिवस म्हणजे वर्ष समजावे. म्हणजे दानीएलाच्या २३०० संध्याकाळ-सकाळ झाल्या २३०० वर्षे. ती कधीपासून मोजायची, हे आठवा अध्याय सांगत नाही. नववा अध्याय मात्र सत्तर आठवड्यांची मुदत देतो आणि ती यरुशलेम पुन्हा बांधायची आज्ञा निघाल्यापासून सुरू होते असे सांगतो. सत्तर आठवडे म्हणजे ४९० दिवस, म्हणजे ४९० वर्षे. इराणच्या अर्तहशश्त राजाने एज्राला दिलेले फर्मान इ. स. पूर्व ४५७ चे. ४९० मधून ४५७ वजा केले की ३३ उरतात, आणि इ. स. ३३ हे येशूला क्रूसावर चढवल्याचे साल धरले जात होते. ज्या मुदतीचा शेवट ख्रिस्ताच्या मरणाशी जुळतो तिचा आरंभ बरोबरच असणार, असे मिलर यांना वाटले. मग त्याच आरंभापासून २३०० वर्षे मोजली. २३०० वजा ४५७, म्हणजे १८४३.

पवित्रस्थान म्हणजे काय? यरुशलेमचे मंदिर तर इ. स. ७० मध्ये रोमनांनी पाडले होते. मिलर यांनी पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी असे धरले. ती शुद्ध होणार, म्हणजे अग्नीने. आणि तो अग्नी प्रभूच्या पुनरागमनाबरोबर येणार.

हे एकच उत्तर असते तर ते कदाचित थांबले असते. पण दुसऱ्या वाटांनीही ते तिथेच पोचत होते. दानीएलाच्या बाराव्या अध्यायात १२९० आणि १३३५ दिवस येतात. त्यांचा आरंभ ५०८ ला धरला तर पहिला आकडा १७९८ ला संपतो, आणि त्या वर्षी फ्रेंच सेनापती बर्थिए याने रोममध्ये पोप सहावे पायस यांना कैद केले होते. दुसरा संपतो १८४३ ला. लेवीयाच्या पुस्तकात पापाबद्दल सातपट शिक्षेची धमकी आहे. सात ‘काळ’ म्हणजे ३६० गुणिले सात, २५२० वर्षे. मनश्शे राजाला इ. स. पूर्व ६७७ मध्ये कैद झाली असे धरून मोजले की पुन्हा १८४३. कुठूनही निघा, मुक्काम एकच.

माझ्या मते मिलर यांना सर्वांत अधिक फसवले ते या जुळणीने. तिच्यात लबाडी नव्हती. पण ५०८ का, ५०० का नाही? ६७७ का, पुढची बाबेलची कैद का नाही? निवडायला पुष्कळ साले हाताशी होती आणि शेवटचा मुक्काम आधीच कळलेला होता. अशा वेळी प्रामाणिक माणसाचाही हात नकळत त्या सालाकडे वळतो ज्याने बेरीज जुळेल. प्रत्येक नव्या जुळणीला तो स्वतंत्र साक्षीदार समजतो, खरे तर ते सगळे साक्षीदार त्यानेच एका गावातून बोलावलेले असतात.

आणि हे एकट्या मिलर यांचे खूळ नव्हते. एका दिवसाला एक वर्ष ही रीत प्रोटेस्टंट भाष्यकारांमध्ये सर्रास होती. १७९८ ची पोपची कैद ब्रिटनमधल्या कितीतरी धर्मशास्त्र्यांनी भविष्यवाणीची पूर्तता मानली होती. खुद्द आयझॅक न्यूटन यांनी दानीएल आणि प्रकटीकरण या ग्रंथांवर आयुष्यभर टिपणे काढली. त्यांच्या यरुशलेममध्ये जतन केलेल्या हस्तलिखितांत एका कागदावर २०६० हे साल येते. प्रकटीकरणातले १२६० दिवस वर्षे मानून, ती शार्लमेनच्या राज्याभिषेकाच्या म्हणजे ८०० सालापासून मोजून. २००३ मध्ये वर्तमानपत्रांनी न्यूटनने जगाचा शेवट सांगितला म्हणून याचा गाजावाजा केला. पण त्याच कागदात न्यूटन लिहितात की आपला हेतू शेवटची वेळ ठासून सांगण्याचा नाही, उलट लोक उतावीळपणे तारखा काढतात आणि त्या चुकल्या की पवित्र भविष्यवाणीची बदनामी होते, ते थांबवण्याचा आहे. आकडा पुढे ढकलून निदान आपल्या पिढीला तरी गप्प बसवावे, असा तो प्रयत्न होता. रीत मात्र तीच.

मिलर यांचा निष्कर्ष १८१८ मध्ये निघाला. साधारण पंचवीस वर्षांत सारे संपेल. त्यानंतर तेरा वर्षे ते जाहीरपणे काही बोलले नाहीत. स्वतःच आक्षेप काढत, स्वतःच उत्तरे शोधत राहिले. पण हे जर खरे असेल आणि मी लोकांना सांगितले नाही, तर त्यांच्या नाशाचे पाप माझ्या माथी, हा विचार त्यांची पाठ सोडेना. १८३१ च्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्यांनी देवाशी करार केला : कोणी आपणहून बोलवायला आले तर जाईन. शेतकऱ्याला प्रवचनाला कोण बोलावणार, असे वाटून त्यांना हायसे झाले. अर्ध्या तासात मेहुण्याचा मुलगा दारात. ड्रेस्डेन गावात उद्या उपदेशक नाही, बाबांनी तुम्हाला बोलावले आहे. मिलर चिडून काही न बोलता घराजवळच्या झाडीत गेले, देवाशी भांडले, आणि मग निघाले. त्यावेळी ते एकोणपन्नास वर्षांचे होते.

पुढची आठ वर्षे ते खेडोपाडी बोलत फिरले. त्यांचे बोलणे भडक नव्हते. ऐकणारे सांगत की हा माणूस वचने आणि सनावळ्या मांडून वकिलासारखा मुद्दा सिद्ध करतो. चळवळीला शहरी रूप दिले ते बोस्टनच्या जोशुआ हाइम्स या पास्टरांनी. १८४० मध्ये त्यांनी पाक्षिक काढले, पुढे न्यूयॉर्कमधून दुसरे. हजारोंना सामावणारा भव्य तंबू शिवून घेतला आणि तो गावोगावी नेऊन शिबिरे भरवली. चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी १८४२ मध्ये एक मोठा तक्ता तयार केला. डावीकडे नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातला पुतळा, डोके सोन्याचे आणि पाय लोखंड-मातीचे. खाली चार श्वापदे. मध्ये उभ्या बेरजा. आणि सगळ्या बेरजांच्या तळाशी १८४३. ज्याला जेमतेम वाचता येत होते त्यालाही तो तक्ता पाच मिनिटांत पटत असे. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी हे खरे मानले, याचे अंदाज साधारण पन्नास हजार ते एक लाख असे दिले जातात. सहभागी उपदेशक बाप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते. नवा पंथ काढायचा कोणाचाच विचार नव्हता. जग संपायच्या बेतात असताना पंथ कशाला काढायचा?

मिलर स्वतः दिवस सांगायला तयार नव्हते. फार आग्रह झाला तेव्हा त्यांनी यहुदी वर्षाच्या हिशेबाने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ असा अवधी दिला. तो गेला. मिलर यांनी चूक मान्य केली, पण हिशेब मुळात कुठे चुकला ते त्यांना सापडेना. एक दुरुस्ती मात्र उघड होती. इ. स. पूर्व १ नंतर थेट इ. स. १ येते, मध्ये शून्य साल नाही. त्यामुळे ४५७ पासून मोजलेली २३०० वर्षे १८४३ ला पुरी होत नाहीत, १८४४ मध्ये होतात.

त्या उन्हाळ्यात सॅम्युएल स्नो हे उपदेशक पुढे आले. ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटरच्या शिबिरात त्यांनी मांडणी केली ती अशी. येशूचे मरण वल्हांडण सणात झाले, पवित्र आत्मा पेंटेकॉस्टच्या दिवशी उतरला. मोशेच्या नियमशास्त्रातले वसंतातले सण ख्रिस्ताने त्या त्या तिथीलाच पुरे केले. पानगळीतले सण उरले आहेत. त्यांतला मोठा प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याचा दहावा. त्या दिवशी महायाजक परमपवित्र स्थानातून बाहेर येऊन लोकांना आशीर्वाद देई. आपला महायाजक ख्रिस्त. तोही याच तिथीला बाहेर येणार. १८४४ मध्ये ही तिथी रूढ यहुदी पंचांगाने सप्टेंबरात पडत होती. पण कराईट पंथाचे जुने पंचांग यहुदा प्रांतात जव पिकल्यावर वर्ष सुरू करते, म्हणून त्या हिशेबाने स्नो यांनी २२ ऑक्टोबर धरला.

शिबिरातून लोक घरी गेले ते ही तारीख घेऊन. यावेळी वरच्या पुढाऱ्यांनी खालच्यांना पटवले नाही. खालून आलेल्या लाटेने पुढाऱ्यांना ओढले. हाइम्स आणि मिलर दोघांनीही ती तारीख ऑक्टोबर लागल्यावरच स्वीकारली, म्हणजे पुरते तीन आठवडेही उरले नसताना. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्याने पीक काढायचेच नाकारले. ख्रिस्त येणार असे मी मानतो, मग बटाटे कशाला काढू? शेजाऱ्यांनी काढून देऊ म्हटले तरी त्याने नको म्हणून सांगितले. ॲडव्हेंटिस्ट परंपरेत ही हकिकत पुढे अशी सांगतात की त्या वर्षी वेळेवर काढलेले बटाटे कोठारात सडले आणि याचे उशिरा काढलेले तेवढे टिकले.

२२ तारखेला लोक घराघरांत आणि सभागृहांत जमले. रात्री बारापर्यंत थांबले. काही पहाटेपर्यंत. पोर्ट गिब्सन गावच्या हायरम एडसन यांनी पुढे लिहून ठेवले की उजाडेपर्यंत ते सगळे रडत होते, आणि जिवलगांच्या मरणाचे दुःखही त्यापुढे काही नाही असे वाटले. ज्यांचे मूल नुकतेच मातीआड झाले होते त्यांना ते त्या रात्री परत भेटणार होते. ज्यांनी धंदा मोडला होता त्यांना दुसऱ्या दिवशी पीठ उधार मागायला जायचे होते. अजून वर गेला नाहीस का, असे मुले रस्त्यात ओरडत. या दिवसाला इतिहासात मोठी निराशा म्हणतात.

चूक नक्की कुठे होती? बेरजेत नव्हती हे तर दिसतेच आहे. मला वाटते ती पहिल्याच पावलात होती, दानीएलाचा आठवा अध्याय कोणाशी बोलतो आहे हे विसरण्यात. तो अध्यायच सांगतो की दोन शिंगांचा एडका म्हणजे मेद-पारसाचे राजे आणि बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. बोकडाचे मोठे शिंग मोडते, त्या जागी चार उगवतात, आणि त्यांच्यातल्या एकातून निघालेले छोटे शिंग नित्याचे बलिदान बंद पाडते. अलेक्झांडर, त्याचे चार वारस, आणि त्यांच्यातून आलेला अंतियोख एपिफनेस, हे ओळखायला इतिहासाच्या वाचकाला वेळ लागत नाही. अंतियोखाने इ. स. पूर्व १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात परकी वेदी उभारली, यहुदी धर्म पाळणे हा गुन्हा ठरवला. इ. स. पूर्व १६४ च्या शेवटी मक्काबी बंडखोरांनी मंदिर परत घेऊन शुद्ध केले; हनुक्काचा सण त्याचाच. मंदिरात बलिदान रोज दोनदा, संध्याकाळी आणि सकाळी, होत असे. बंद पडलेली २३०० बलिदाने म्हणजे ११५० दिवस, तीन वर्षांहून थोडे अधिक. आजचे बहुतेक अभ्यासक हा ग्रंथ त्याच छळाच्या वर्षांत आजच्या रूपाला आला असे मानतात. हा मुद्दा नवा नाही. तिसऱ्या शतकात पोर्फिरी या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती लोकांविरुद्ध तो मांडला होता, आणि संत जेरोम यांनी त्याला उत्तर देताना तो नोंदवून ठेवला म्हणून आपल्याला माहीत आहे. श्रद्धावान वाचकांत सगळ्यांना तो मान्य नाही. ॲडव्हेंटिस्ट विद्वान आजही रोमकडेच छोट्या शिंगाचा रोख मानतात.

पण पोर्फिरीचे मत घ्या वा सोडा, हे कुठवर चालणार हा प्रश्न मार खाणाऱ्याचा आहे, एवढे तरी त्या अध्यायातून दिसते. पोरांची सुंता केली म्हणून आयांना ठार मारले जात असताना तो विचारला गेला. त्याला मिळालेले उत्तर म्हणजे दिवस मोजलेले आहेत, हे आश्वासन. जुलूम अनंत नाही. या आश्वासनाला गणिताचे उदाहरण समजून वाचले की ज्यांच्यासाठी ते दिले गेले तेच त्यातून नाहीसे होतात.

नव्या करारात वेळेचा प्रश्न अधिकच अवघड होतो. मार्काच्या तेराव्या अध्यायात येशू सांगतो की ही पिढी सरण्याआधी हे सारे घडेल. दोनच वचनांनंतर तो सांगतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला. दोन्ही विधाने इतकी जवळ ठेवली आहेत की एक वाचताना दुसरे नजरेआड करता येत नाही. मिलर यांच्या अनुयायांनी दुसऱ्या विधानाला उत्तर दिले ते असे : दिवस आणि घटका कळणार नाही, साल कळणार नाही असे कुठे म्हटले आहे? शिवाय त्याच अध्यायात अंजिराच्या झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे ओळखा असे सांगितले आहे. मग ओळखायचेच नसते तर सांगितले कशाला? हा युक्तिवाद मी हलका समजत नाही. पण १८४४ च्या ऑगस्टनंतर तेही दिवसावरच आले, आणि तिथे त्या वचनाशी थेट टक्कर होती.

या वचनाने इतरांनाही त्रास दिला आहे. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात तेच विधान येते. त्याच्या कितीतरी हस्तलिखितांत पुत्रालाही ठाऊक नाही हा भाग आढळत नाही. देवाच्या पुत्राला एखादी गोष्ट माहीत नसावी हे लेखनिकांना पेलले नसावे. सुवार्तेचा लेखक स्वतः अशी अडचण ओढवून घेणार नाही, म्हणूनच अनेक अभ्यासकांना मार्कातले हे वाक्य खुद्द येशूचे असण्याची शक्यता दाट वाटते. वेळ माहीत असणे हे जर ख्रिस्ताचेही लक्षण नसेल, तर ते कोणा भाष्यकाराचे कसे होईल, असे मला हे वचन वाचताना दर वेळी वाटते.

पहिल्या पिढीत काय झाले ते पौलाच्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रांत सापडते. पहिले पत्र साधारण इ. स. ५० चे, म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी. तिथल्या लोकांना घोर होता तो आप्तांचा : प्रभू येण्याआधीच आमची माणसे वारली, त्यांचे काय? पौल त्यांचे सांत्वन करतो आणि वेळेबद्दल एवढेच सांगतो की तो दिवस रात्री चोर यावा तसा येईल. दुसऱ्या पत्रापर्यंत कोणीतरी तो दिवस आलाच असे उठवले होते. काही लोक कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या भाकरीवर बसले होते. त्यांना खडसावून सांगितले आहे की निवांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. न्यू हॅम्पशायरमधल्या बटाट्यांचा प्रश्न अठराशे वर्षे आधी मासेदोनियात येऊन गेला होता.

पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी प्रकटीकरणातल्या हजार वर्षांच्या राज्याला चर्चच्या चालू काळाचे रूपक मानले, आणि पश्चिमेच्या मुख्य प्रवाहात तारखांचा नाद बराच ओसरला. पुनरागमनावरचा विश्वास ओसरला नाही. वसईतल्या कॅथलिक चर्चमध्ये आजही आगमनकाळाचा पहिला रविवार येतो तेव्हा नाताळच्या गव्हाणीचे वाचन नसते. जागे राहा, घरधनी कधी येईल ठाऊक नाही, या आशयाचे वाचन असते. वर्षाची सुरुवातच अशी.

मोठ्या निराशेनंतर मिलर यांचे अनुयायी पांगले. पुष्कळ जण जुन्या चर्चमध्ये परतले, पुष्कळांनी धर्मच सोडला. एडसन यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मक्याच्या शेतातून जाताना उमगले की तारीख बरोबर होती, घटना चुकीची धरली : महायाजक बाहेर यायचा नव्हता, स्वर्गातल्या परमपवित्र स्थानात आत जायचा होता, आणि तिथे त्या दिवशी न्यायाचे काम सुरू झाले. या अर्थाभोवती, आणि मेन राज्यातल्या एलेन हार्मन या सतरा वर्षांच्या मुलीला त्या डिसेंबरात सुरू झालेल्या दर्शनांभोवती, शनिवारचा शब्बाथ पाळणारा एक गट जमला. १८६३ मध्ये त्याचे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च झाले, तेव्हा सभासद साडेतीन हजारांच्या आसपास होते. आज जगभरात दोन कोटींहून अधिक आहेत. पुण्यात औंधची स्पायसर संस्था आणि सॅलिसबरी पार्कातला छापखाना याच चर्चचे. एलेन हार्मन, लग्नानंतरच्या एलेन व्हाइट, यांनी पुढे नव्या तारखा काढणाऱ्यांना वारंवार रोखले, आणि हे चर्च १८४४ नंतरची कुठलीही तारीख शिकवत नाही. एडसन यांच्या अर्थाचा पडताळा घेता येत नाही हा आक्षेप रास्त आहे. पण उद्ध्वस्त झालेल्या माणसांना त्याने पुन्हा कामाला लावले. शाळा आणि दवाखाने काढायला लावले. हे मी कमी लेखणार नाही.

दुसरी एक वाट आकड्यांकडेच गेली. नेल्सन बार्बर हे मिलर यांच्या चळवळीतून आलेले. त्यांच्याकडून चार्ल्स टेझ रसेल यांनी हिशेब घेतला. तेच २५२०, फक्त आरंभ इ. स. पूर्व ६०६, म्हणून शेवट १९१४. मिलर यांना नडलेले शून्य साल इथेही नडले. रसेल यांच्या अनुयायांतून निघालेल्या यहोवाच्या साक्षीदारांनी पुढे आरंभ ६०७ केला आणि १९१४ कायम ठेवले. त्या वर्षी महायुद्ध सुरू झाल्याने आकड्याला बळ आले, मग १९७५ ची वाट पाहिली गेली. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हॅरल्ड कॅम्पिंग यांनी जलप्रलयापासून सात हजार वर्षे मोजून २१ मे दिला, तो चुकल्यावर २१ ऑक्टोबर, आणि तोही गेल्यावर पुढच्या वर्षी तारखा काढणे हे पाप होते असे जाहीर केले.

मिलर यांच्यासमोर या दोन्ही वाटा होत्या. काही आठवडे त्यांनाही वाटले की कृपेचे दार २२ ऑक्टोबरला मिटले असावे. १८४५ च्या वसंतापर्यंत त्यांनी तो विचार सोडला. एडसन यांचा अर्थ त्यांनी स्वीकारला नाही. त्यांच्या बाप्टिस्ट मंडळीने त्यांना काढून टाकले. त्याच वर्षी त्यांनी आपली हकिकत छापली आणि वेळेबद्दल आपण चुकलो हे त्यात सरळ लिहिले. प्रभू लवकर येणार ही आशा मात्र त्यांनी मागे घेतली नाही. नंतर दृष्टी जवळजवळ गेली. १८४९ च्या २० डिसेंबरला लो हॅम्पटनमध्येच त्यांचे निधन झाले. त्या पाच वर्षांत शिष्य नव्या तारखा घेऊन येत राहिले, आणि मिलर यांनी त्यांतल्या एकाही तारखेला आपले नाव दिले नाही.